बाथरूममधली सहा पिल्लं

पत्र:

"ताई, आम्ही पनवेलला तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये राहतो. लेकाच्या सातव्या वाढदिवसाला ह्यांनी गावाकडच्या बाजारातून बदकाची सहा पिवळी पिल्लं आणली. तेव्हा दोन दिवसांची होती, आता बारा दिवसांची झालीत. मागच्या बाथरूममध्ये ठेवलीत. लादीवर वर्तमानपत्र घालते, ते दिवसातून सात-आठ वेळा बदलते. पाण्याचं भांडं ठेवलं की पाच मिनिटांत सगळा चिखल. म्हणून ह्यांच्या सांगण्यावरून आता पाणी फक्त सकाळ-संध्याकाळ देते. खायला कणी आणि मक्याचा भरडा. रोज फिनेल टाकते, अगरबत्ती लावते, तरी वास स्वयंपाकघरात येतो. शेजारच्या काकू बर्ड फ्लूचं काढतात. खेळायला बापलेक, निस्तरायला मी. एक पिल्लू कालपासून जरा लंगडतंय. ही घाण कमी करायला काही उपाय आहे, की देऊन टाकू कुणाला? पाऊसही सुरू झालाय.
— वैतागलेली"

ताई,

सगळं पत्र घाणीवर आहे आणि शेवटाला जाता जाता लिहिलंय, एक पिल्लू लंगडतंय. मी तिथूनच सुरुवात करते. घाण आणखी एक दिवस राहिली तरी चालेल, त्या पायाला तेवढी सवड नाही.

कणी आणि मका. कोंबडीची पिल्लं ह्यावर कशीबशी तगतात, बदकाची तगत नाहीत. बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं ब जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जवळजवळ दुप्पट लागतं. ते स्वतःच्या अंगात बनवायला बदक कोंबडीइतकं तरबेज नाही. पांढऱ्या तांदळाच्या कणीत ते फारसं नसतं आणि मक्यात असलं तरी बांधलेलं असतं, पोटात सुटत नाही. ते कमी पडलं की पहिले पाय बोलतात. पिल्लू लंगडतं, मग घोट्यावर बसून सरकतं, मग उठतच नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर सावरलं तर बहुतेक वेळा निभावतं, म्हणून घाई.

आज संध्याकाळी ह्यांना पशुखाद्याच्या दुकानात पाठवा. पिल्लांचं स्टार्टर खाद्य आणायचं, प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास असलेलं, आणि 'औषध न घातलेलं द्या' असं स्पष्ट सांगून. जनावरांच्या औषधांच्या दुकानात कोंबड्यांसाठीचं पातळ बी-कॉम्प्लेक्स मिळतं, ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने पाण्यात घाला. ब्रूअर्स यीस्टची पावडर मिळाली तर वाटीभर खाद्याला एक मोठा चमचा. ब्रूअर्स यीस्टच हं, केकवाल्यांचं फुगणारं यीस्ट नव्हे. दोन दिवसांत फरक दिसला नाही तर पिल्लू खोक्यात घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

पायाचं दुसरं कारण तुमच्या लादीवर पसरलंय. वर्तमानपत्र. ओला कागद गुळगुळीत लादीवर सरकतो, त्याच्यावर पिल्लाचे पाय दोन दिशांना फाकतात, आणि एकदा तशी सवय लागली की सांधे तसेच घट्ट होतात. कागद आजपासून बंद.

आता घाण.

पाणी कमी करण्याचा ह्यांचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण उलटा पडतो. बदक घास घेतं, पाण्याकडे धावतं, चोच बुडवतं, घास ओला करून गिळतं, परत खाण्याकडे धावतं. कोरडा भरडा तसाच गिळला तर घशात अडकतो. नाकपुड्या आणि डोळे धुवायलाही त्याला पाणीच लागतं, निदान अख्खी चोच नाकपुड्यांसकट बुडेल इतकं खोल. दिवसातून दोनदाच पाणी दिलंत तर ती दोन्ही वेळा हावऱ्यासारखी तुटून पडतात, अर्धं पितात, अर्ध्यात लोळतात. म्हणजे पाणी कमी करूनही जलमय व्हायचं ते होतंच. पाणी दिवसभर समोर असेल तर धुमाकूळ थांबत नाही, पण त्याची धार बोथट होते.

म्हणजे पाणी भरपूर द्यायचं, फक्त ते सांडणार कुठे ते आपण ठरवायचं. माझ्याकडे आतापर्यंत बदकांचे चार घाणे निघाले, त्यात कामी आलेली युक्ती ही एकच.

घरात पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन असेल. गरम पाणी आणि साबणाने तेलकटपणा जाईस्तोवर धुवा. त्याच्या दोन बाजूंना, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, अडीच-तीन इंचांची गोल भोकं पाडा, पिल्लाचं डोकं आरामात आत जाईल पण अंग जाणार नाही इतकी. कडा मेणबत्तीवर तापवलेल्या सुरीने फिरवून गुळगुळीत करा, नाहीतर माना खरचटतात. भोकांच्या खालपर्यंत पाणी भरा. आता एक घमेलं घ्या, सिमेंट कालवायचं असतं ते, आणि त्याच्यावर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वाकवून बसवा. हार्डवेअरवाला हवी तेवढी कापून देतो. टोकं खाली वळवायला विसरू नका. जाळीवर मधोमध कॅन. चढायला एका बाजूला वीट.

पिल्लू जाळीवर चढतं, मान आत घालतं, बुडबुडे काढतं, बाहेर येऊन डोकं झटकतं. ते सगळे शिंतोडे, चोचीतून गळणारा भरडा आणि त्या जागेवर उभं असताना हमखास पडणारी शीट जाळीतून खाली घमेल्यात जाते. पाच-सहा तासांनी घमेलं उचलायचं आणि ओतायचं. कागद गोळा करणं नाही, पुसणं नाही. खाण्याचं तसराळं त्याच जाळीच्या कडेला ठेवा, म्हणजे खाणं-पाणी ह्या येरझाऱ्या तिथल्या तिथे होतील आणि चिखल बिछान्यापर्यंत पोहोचणार नाही.

बदकाच्या शीटेत दहातले नऊ भाग पाणीच असतं. पाणी काढून घ्या, उरतो चिमूटभर ऐवज. म्हणून त्यांच्या घाणीशी लढाई ही खरं तर ओलाव्याशी लढाई आहे, आणि ओलावा घमेल्यात अडकवला की बाकीच्या जागेत तुम्ही जिंकता.

बाकीच्या जागेत चार बोटं जाड भाताचं तूस नाहीतर सुताराकडच्या रंध्याच्या सालपटी घाला. करवतीचा बारीक भुसा नको, तो नाकात जातो आणि पिल्लं तो खाऊनही बसतात. प्लायवूडचा तर नकोच, त्यात गोंद असतो. रोज सकाळी बागकामाच्या पंजाने वर-खाली हलवा, जाळीजवळचा ओला झालेला तेवढा भाग सुपडीने काढा, मूठभर कोरडं वर टाका. आठवड्याने सगळं बदला. पावसात तूस वाळत घालायच्या भानगडीत पडू नका, वाळत नाही, कुबट होतं. एक पोतं घरात कोरड्या जागी भरून ठेवा.

वास तपासायचा तर उभ्याने नाही. गुडघ्यावर बसा आणि नाक पिल्लांच्या उंचीला न्या. आपल्याला पाच फुटांवर जो जरासा येतो, तो तिथे डोळ्यांत पाणी आणतो. तो अमोनिया. पिल्लं चोवीस तास त्यातच श्वास घेतात. खाली बसून नाक चुरचुरलं नाही की समजा बिछाना ठीक आहे.

अगरबत्ती आजच बंद करा, डासांची कॉइल असेल तर तीही. पाखरांची फुप्फुसं धुराला फार हळवी असतात आणि बंद बाथरूममध्ये धूर कोंडतो. वास तर जात नाहीच, वर चंदनाचा थर चढतो. फिनेलही पिल्लं आत असताना नको. साबणाच्या पाण्याने घासा, मग अर्धं पाणी अर्धं पांढरं व्हिनेगर फिरवा, लादी कोरडी करा, मगच पिल्लं आत. आणि बाटलीतलं ब्लीच शीटेवर कधीही ओतू नका. शीटेतला अमोनिया आणि ब्लीच मिळून जो वायू निघतो तो पिल्लांनाच काय, तुम्हालाही दवाखान्यात पोचवेल.

आता एक माझी फजिती. पहिला घाणा मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये वाढवला होता. तिसऱ्या आठवड्यात खालच्या वहिनी वर आल्या, त्यांच्या छताला ओल आली होती. मी ऐटीत म्हटलं, आमच्याकडून काही नाही. प्लंबरने नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीच्या जाळीखालचं भांडं, उघडला आणि आतून तूस, भरडा आणि पिवळ्या लवेचा एक लाडू काढला, नारळाएवढा. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या लाडवाकडे बघत राहिल्या. त्याचे पैसे आणि त्यांच्या छताचा रंग, दोन्ही मी भरले. तुम्ही तळमजल्यावर आहात, छत कुणाचं नाही, पण तुंबलेलं पाणी तुमच्याच बाथरूममध्ये वर येईल. ट्रॅपच्या जाळीखाली मच्छरदाणीच्या कापडाचा दुहेरी तुकडा बसवा आणि रोज काढून धुवा. घमेल्यातलं पाणी तर मोरीत ओतूच नका, झाडांना घाला. मागच्या अंगणात केळ किंवा अळू असेल तर बघा कसं माजतं. कुंड्यांना मात्र दुपटीने पातळ करून.

खाण्याबद्दल एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण पावसाळा आहे. बुरशी. बदकाचं पिल्लू बुरशीच्या विषाला इतकं नाजूक असतं की दुसरं कुठलंही घरगुती पाखरू तेवढं नसेल. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पटापट मेल्या, बदकाची पिल्लंही मेली. रोग सापडेना. शेवटी कळलं की ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी धरली होती. अफ्लाटॉक्सिन हे विष तेव्हा ओळखीचं झालं. ती बुरशी आपल्या दमट हवेत मक्यावर आणि पेंडीवर आनंदाने वाढते. म्हणून मक्याचा उरलेला भरडा हुंगून बघा, जरा जरी कोंदट वाटला तर टाका, 'थोडंसंच आहे, संपवू' असं नको. खाद्य एका वेळी पंधरा दिवसांचंच आणा आणि झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. खाद्य थोडं भिजवून दिलं की धूळ कमी उडते, वायाही कमी जातं, पण भिजवलेलं दोन तासांत उचला. शिळा पाव, बिस्किटं, फरसाण लेकाच्या हातून जाणार नाही ह्याकडे लक्ष असू द्या. बारीक चिरलेला पालक, वाफवलेले मटार, धुऊन मीठ घालवलेला थोडा जवळा, हे चालतं. जवळ्यावर तर ती एकमेकांना तुडवतात.

ऊब. बारा दिवसांच्या पिल्लाला तीस अंशांच्या आसपास पुरतं. पहिल्या आठवड्यात बत्तीस-तेहेतीस, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पनवेलच्या जूनमध्ये दिवसा काही लागत नाही, रात्री आणि मुसळधार पावसात एका कोपऱ्यावर जुन्या पद्धतीचा साठ वॉटचा पिवळा बल्ब. एलईडीला ऊब नसते. एकाच कोपऱ्यावर, म्हणजे ज्याला गरम होईल त्याला सरकायला जागा राहील. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी, चोच उघडून लांब भिंतीला चिकटली असतील तर गरम, सैलसर पसरून झोपली असतील तर तुम्हीही जाऊन झोपा. बाथरूममध्ये पाणी आणि वीज एकत्र आहेत, म्हणून बल्ब छतापासून पक्का टांगा. एक्स्टेन्शन बोर्ड लादीवर मुळीच नको.

लेक त्यांना टबात सोडतच असेल, तुम्ही लिहिलं नाहीत तरी मी समजते. सोडू द्या, पण पाच-सात मिनिटं, कोमट पाण्यात आणि मोठ्या माणसाच्या नजरेखाली. आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लांच्या लवेला आईच्या पिसांचं तेल लागतं, त्यामुळे ती पाण्यावर कोरडी राहतात. तुमची पोरकी आहेत, लव भिजते, जड होते, पिल्लू गारठतं. बाहेर काढलं की जुन्या पंचात गुंडाळून टिपायचं आणि बल्बखाली सोडायचं. ह्याचा तुमच्यासाठी फायदा असा, की पाण्यात उतरताच ती तिथेच मोकळी होतात. संध्याकाळच्या टबानंतरचा तासभर बाथरूम आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ राहतं.

काकूंचं. बर्ड फ्लूची भीती हवेतली नाही. देशातली पहिली साथ 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला सापडली, जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या. बदकाच्या अंगात तो विषाणू काही वेळा लक्षणं न दाखवताही राहतो, हेही खरं. पण घरात बंद, बाहेरच्या पाखरांशी संबंध नसलेली, एकाचा पाय सोडला तर इतके दिवस टुणटुणीत असलेली सहा पिल्लं म्हणजे साथ नव्हे. एकाएकी दोन-तीन दगावली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं, एवढं काकूंनाही सांगा. रोजचा खरा धोका साल्मोनेला नावाच्या जंतूचा आहे, तो निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या शीटेतही असतो आणि लहान मुलांना जुलाबाने आडवं करतो. पिल्लाला पापी नाही, गालाला लावणं नाही, त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाहीत, आणि खेळून झालं की साबणाने हात. काकूंकडे पाच वर्षांखालचं नातवंड असेल तर त्याला लांबूनच दाखवा.

आता 'खेळायला बापलेक'. ताई, हे पिल्लांचं दुखणं नाही, पण त्यावर मला मत आहे. सकाळी ऑफिसला जाण्याआधी घमेलं उचलून ओतणं आणि तूस हलवणं, ह्यांचं काम. दहा मिनिटांचं आहे, आणि ज्यांनी वाढदिवसाची भेट आणली त्यांच्या हातून झालं तर भेट पूर्ण होते. ट्रॅपची जाळी धुणं आणि खाण्याचं तसराळं, लेकाकडे, हात धुण्याच्या अटीवर. तुम्ही संध्याकाळचं घमेलं आणि पायांवर नजर. एखाद्या दिवशी त्यांचं राहिलं तर तुम्ही करू नका. वास येऊ दे. जेवताना आला तर आणखी बरं.

देऊन टाकू का, ह्याचं उत्तर आज नाही पण लवकर. पिवळी लव, नारिंगी चोच म्हणजे बहुधा पांढऱ्या पेकिन जातीची असतील. अंड्यातून निघताना पन्नास-साठ ग्रॅमचं ते पिल्लू सात-आठ आठवड्यांत अडीच-तीन किलोचं होतं. सहा गुणिले तीन करा आणि बाथरूमकडे एकदा बघा. त्यांना तिथे फार तर चौथ्या आठवड्यापर्यंत ठेवता येईल. मग पाऊस नसेल तेव्हा दिवसा अंगण, रात्री आत. अंगावर पुरती पिसं आली की, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, ह्यांच्या गावी. तिथे विहिरीच्या पाटाचं पाणी असेल, निदान एखादं मोठं टाकं. रात्री मात्र कडीचं खुराडं हवंच. मुंगूस आणि रानमांजर बदकाची वाट बघत असतात, आणि बदक झाडावर चढून झोपत नाही, जमिनीवरच झोपतं. गावी कोंबड्या असतील तर पहिले दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. गावाला नेणं जमणार नसेल तर बदकं पाळणारा कोणी शोधा, आणि सहाही एकत्र द्या. एकटं बदक रडून जीव नकोसा करतं. गावच्या नाहीतर उद्यानाच्या तळ्यात सोडून येऊ नका. ह्या जातीला उडता येत नाही, आठवडाभरात कुत्री संपवतात.

माझ्या आजीकडे, गुहागरला, बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायचे. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस, बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस, म्हणून ती बिचारी आठवडाभर जास्त बसायची. पिल्लं फुटली की त्यांना घेऊन आगरात फिरायची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लं पाटात उतरायची. कोंबडी काठावर पिसं फुलवून थयथयाट करायची, पिल्लं ढुंकून बघायची नाहीत. तुमचं पत्र वाचताना मला सारखी ती कोंबडी आठवत होती, रागावू नका.

लंगडं पिल्लू परवापर्यंत जाळीवर स्वतःहून चढलं का ते मला कळवा. आणि ट्रॅप आज रात्रीच उघडून बघा.